जपानी शिकताना उत्साह गळतो त्या जागा, आणि त्या बुजवायच्या कशा

पुण्यात जपानीच्या वर्गात जूनमध्ये बसायला जागा नसते आणि दिवाळीनंतर बाकं रिकामी दिसायला लागतात. सोडून गेलेल्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: वेळ मिळेना, मन लागेना. पण कोण नेमकं कुठे थांबलं ते पाहिलं, तर जागा मोजक्याच निघतात. काताकाना लिपी (परदेशी शब्दांसाठीची), क्रियापदाचं ते-रूप, शंभराच्या पुढच्या कांजी (चिनीतून आलेली अक्षरचित्रं), मोबाइलवर तुंबलेली उजळणी आणि जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेची एन४ पातळी (सर्वांत सोप्या एन५च्या वरची) पास झाल्यावर समोर येणारं मोकळं माळरान. प्रत्येक ठिकाणी मन उडायला काहीतरी ठोस कारण असतं, म्हणून उपायही ठोसच लागतो. 'जिद्द सोडू नका' असं सांगून तिथे काही हलत नाही. अडलेली गोष्ट सुटली की मन आपोआप परत येतं.

या सगळ्याच्या मुळाशी आणखी एक गळती आहे आणि ती पहिल्या दिवसापासून सुरू असते: मराठी माणूस जपानी इंग्रजीतून शिकतो.

मराठीतून शिका

हे वाक्य बघा: 'वाताशि वा किनोओ पुने दे तोमोदाचि नि आइमाश्ता.' मराठीत: 'मी काल पुण्यात मित्राला भेटलो.' वाताशि वा म्हणजे मी, किनोओ काल, पुने दे पुण्यात, तोमोदाचि नि मित्राला, आइमाश्ता भेटलो. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. हेच वाक्य इंग्रजीतून नेलं तर आधी क्रियापद पुढे आणायचं, मग 'मध्ये' आणि 'ला' शब्दांच्या आधी लावायचे आणि जपानीत जाताना ते सगळं पुन्हा उलटं करायचं. दर वाक्याला दोन कोलांट्या. तासाभराने डोकं जड होतं ते यामुळे, आणि माणसाला वाटतं की जपानी अवघड आहे.

आणखी एक: 'आशिता आमे गा फुरु तो ओमोइमासु.' उद्या पाऊस पडेल असं वाटतं. इथला 'तो' म्हणजे आपलं 'असं'. किंवा आवडीनिवडीचं वाक्य घ्या. मराठीत 'मला मासे आवडतात' म्हणताना क्रियापद माशांमागे चालतं, 'मी'मागे नाही. जपानीतही 'साकाना गा सुकि देसु' म्हणतात. माशांना कर्त्याचा 'गा' लागतो, कर्माचा 'ओ' नाही. इंग्रजीतून शिकणारा इथे वर्षभर 'ओ' लावत बसतो. 'निहोंगो गा वाकारिमासु' म्हणजे 'जपानी कळतं', तिथेही हाच न्याय.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था जपानीला सर्वांत अवघड गटात टाकते आणि कामापुरती भाषा यायला सुमारे २२०० तासांचं वर्गशिक्षण लागतं असं मानते. हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि नवशिक्याच्या पोटात गोळा आणतो. पण तो इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी काढलेला आहे. कांजींचा भार आपल्यालाही तेवढाच आहे, पण वाक्यरचनेचा मोठा भाग आपण घरूनच शिकून आलेलो असतो.

म्हणून पहिलं काम हे करा. वहीत आणि उजळणीच्या कार्डांवर (पुढे जपानी शब्द, मागे अर्थ) अर्थ मराठीत लिहा. पहिल्या पानावर प्रत्ययांचा तक्ता करा: नि म्हणजे ला, दे म्हणजे ठिकाणाचा 'त' आणि साधनाचा 'ने' (बासु दे, बसने), कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, नो म्हणजे चा-ची-चे, मो म्हणजे 'सुद्धा'. फक्त 'वा'ला एकच एक प्रत्यय शोधू नका. तिथे मनात 'तर' घालून बघा. 'साकाना वा सुकि देसु' म्हणजे 'मासे तर आवडतात', बाकीच्याचं माहीत नाही. हा सूर पकडला की वा आणि गा यांचा गोंधळ बराच निवळतो.

उच्चारांतही आपली बाजू भक्कम आहे. 'त्सु' या अक्षराशी अनेक परदेशी विद्यार्थी झगडतात. मराठी माणसाने 'चूल' म्हणावं, त्यातला 'चु' तोच आहे. 'किते' आणि 'कित्ते' यांतला फरक 'पता' आणि 'पत्ता' म्हणणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. इतकंच काय, हिरागाना या पहिल्या शिकायच्या लिपीचा क्रमही ओळखीचा निघतो: आ, इ, उ, ए, ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. संस्कृत ग्रंथांच्या अभ्यासातून बौद्ध भिक्षूंमार्फत आपल्या वर्णमालेची जी मांडणी जपानात पोचली, तिची छाप या क्रमावर आहे.

मराठी दगा देते ती ऱ्हस्व-दीर्घात. बोलताना आपण स्वराची लांबी सैल सोडतो, जपानीत तिने अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. चाळिशीतल्या बाईंना आजी म्हणायचं नसेल तर नवा शब्द बोटांवर मोजा: ओ-बा-सा-न चार बोटं, ओ-बा-आ-सा-न पाच. शेवटचा 'न' स्वतंत्र बोट घेतो. पहिल्या महिन्यात ही मोजणी हाताला लागली तर ऐकण्याच्या परीक्षेतले बरेच गुण तिथेच वाचतात.

रोज किती

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज पस्तीस मिनिटं पुरतात, मात्र त्यांची जागा ठरलेली हवी. 'वेळ मिळाला की' या बोलीवर सुरू केलेला अभ्यास तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो, कारण वेळ कधी मिळत नसतो. सकाळच्या चहाबरोबर बारा मिनिटं कार्डांची उजळणी. बस, लोकल किंवा मेट्रोमध्ये दहा मिनिटं ऐकणं. रात्री जेवणानंतर टेबलाशी बसून पुस्तकातला अर्धा मुद्दा आणि त्याची पाच वाक्यं, मोठ्याने.

त्यासोबत एक किमान दिवसही आधीच ठरवून ठेवा. दहा कार्डं आणि एक वाक्य मोठ्याने, एकूण चार-पाच मिनिटं. पाहुणे आले, ताप आला, ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीजची रात्र आहे, अशा दिवशी एवढंच करायचं आणि तो दिवस पूर्ण झाला असं मानायचं. किमान ठरलेलं नसलं की पस्तीस मिनिटं जमली नाहीत म्हणून माणूस शून्य मिनिटं करतो, आणि दोन शून्यं लागोपाठ आली की तिसरं फार सोपं जातं.

साधनं तीनच ठेवा: एक पुस्तक, कार्डांचा एक संच, ऐकण्याचा एक स्रोत. पाच अ‍ॅप आणि चार यूट्यूब वाहिन्या जमवल्या की प्रत्येक ठिकाणी पुन्हा पुन्हा 'कोन्निचिवा'च शिकायला मिळतं, आणि महिन्याभराने माणूस होता तिथेच असतो.

हेतूही लिहून ठेवा, पण करता येण्याजोग्या कामाच्या रूपात. 'जपानी यायला हवं' हा हेतू होत नाही. 'डिसेंबरमध्ये एन५', 'क्लायंटच्या कॉलची पहिली दोन मिनिटं जपानीत', 'जपानमध्ये कामासाठीच्या विशेष कौशल्य व्हिसाला चालणारं एन४' असं लिहा. आनिमेमुळे भाषेकडे वळलेल्यांची सुरुवात जोमदार होते. त्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की तिथलं 'ओमाए' म्हणजे एकेरी, दरडावून म्हटलेलं 'तू' आहे. ते शिक्षकांना किंवा साहेबांना म्हणायचं नसतं.

काताकानाचे दोन आठवडे

हिरागानाची मूळ अक्षरं ४६. रोज पाच नवी घेतली तर दहा दिवसांत संपतात आणि लगेच प्रत्येक ओळीत भेटत राहतात, म्हणून टिकतात. काताकानाचीही ४६ आहेत, पण सुरुवातीच्या धड्यांत ती तुरळक येतात. भेट नाही म्हणून विसर, विसर म्हणून चिडचिड. 'अजून अक्षरंसुद्धा येत नाहीत' हा न्यूनगंड इथे जन्माला येतो.

उपाय असा, की काताकानाचे तक्ते घोकू नका. आपल्याला आधीच माहीत असलेले शब्द वाचा. कोओहिइ, बासु, होतेरु, तेरेबि, इंदो. स्वतःचं नाव, आईवडिलांची नावं, गावाचं नाव, कंपनीचं नाव काताकानात लिहा. रोज दहा शब्द, दोन आठवडे. जपानी हॉटेलांची मेनूकार्डं यासाठी उत्तम, कारण त्यातले अर्धेअधिक शब्द ऐकूनच कळतात.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या मात्र वेगळ्या काढून शिकाव्या लागतात. 'शि'मध्ये छोट्या रेघा एकाखाली एक असतात आणि लांब रेघ खालून वर जाते. 'त्सु'मध्ये छोट्या रेघा शेजारी शेजारी असतात आणि लांब रेघ वरून खाली येते. 'न' आणि 'सो' यांचंही तेच: न खालून वर, सो वरून खाली. हाताने रेघेची दिशा पाळून वीस-वीस वेळा लिहिलं की डोळा चुकत नाही. नुसतं बघून हे कधीच बसत नाही.

ते-रूप: सर्वांत मोठी खिंड

बहुतेक वर्गांत 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक चालतं. त्याचे पहिले २५ धडे साधारण एन५चे, पुढचे २५ एन४चे. चौदाव्या धड्यात ते-रूप येतं आणि तोवर मजेत चाललेली गाडी रुतते. याचं कारण असं की आतापर्यंत सगळी क्रियापदं 'मासु'ने संपत होती, आणि आता एकदम शेवटच्या अक्षरानुसार रूपं बदलायला लागतात.

नियम आधी पाहू. क्रियापदांचे तीन गट असतात, आणि इथे ती शब्दकोशातल्या मूळ रूपात दिली आहेत. पहिल्या गटात शेवटी उ, त्सु किंवा रु असेल तर त्ते: काउ-कात्ते, मात्सु-मात्ते, तोरु-तोत्ते. मु, बु, नु असेल तर न्दे: योमु-योन्दे, आसोबु-आसोन्दे. कु असेल तर इते: काकु-काइते. गु असेल तर इदे: ओयोगु-ओयोइदे. सु असेल तर शिते: हानासु-हानाशिते. अपवाद एकच, इकु-इत्ते. दुसरा गट सोपा आहे, रु काढा आणि ते लावा: ताबेरु-ताबेते, मिरु-मिते. उरलेली दोन पाठच करायची: सुरु-शिते, कुरु-किते.

हा तक्ता सगळेच देतात. तो पाठ करूनही ते-रूप परकंच वाटत राहतं, कारण ते नेमकं काय आहे हे कुणी सांगत नाही. ते आहे आपलं 'ऊन'. ताबेते म्हणजे खाऊन, मिते म्हणजे बघून, कात्ते म्हणजे विकत घेऊन. आणि मराठीत 'ऊन'ला पुढे दुसरं क्रियापद जोडून आपण जे जे करतो, ते जपानी लोकही करतात. ताबेते मिरु: खाऊन बघणं. मिरु म्हणजे खरोखरच 'बघणं', आणि इथे त्याचा अर्थही आपल्यासारखाच 'प्रयत्न करणं' होतो. कात्ते ओकु: घेऊन ठेवणं, इथे ओकु म्हणजे ठेवणं. ताबेते शिमाउ: खाऊन टाकणं. मोत्ते इकु: घेऊन जाणं. मोत्ते कुरु: घेऊन येणं. काइते आगेरु: लिहून देणं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला यातल्या प्रत्येकासाठी नवा नियम पाठ करावा लागतो. आपल्याला फक्त शब्द बदलायचे आहेत.

घरातून निघताना जपानी माणूस 'इत्तेकिमासु' म्हणतो. इत्ते, जाऊन. किमासु, येतो. आपल्याकडेही निघताना 'जातो' म्हणणं अशुभ मानतात, 'जाऊन येतो' म्हणतात. घरातलं माणूस उत्तर देतं, 'इत्तेराश्शाइ', म्हणजे 'जाऊन या'. हे एकदा कानावर नीट पडलं की ते-रूप पुन्हा परकं वाटत नाही.

सराव असा करा. रोज बारा क्रियापदं घ्या, ओळखीचीच. प्रत्येकाचं ते-रूप मोठ्याने म्हणा आणि लगेच मागे मिरु, ओकु किंवा शिमाउ जोडून मराठी अर्थ म्हणा. योन्दे मिरु, वाचून बघणं. काइते ओकु, लिहून ठेवणं. दोन आठवड्यांत विचार न करता रूपं येतात. तोवर पंधराव्या धड्याकडे जायला हरकत नाही. चौदाव्यातच थांबून 'पक्कं झाल्याशिवाय पुढे नाही' असं करू नका. ते-रूप पुढच्या प्रत्येक धड्यात येणारच आहे, ते वापरूनच पक्कं होतं.

कांजी

जपान सरकारच्या रोजच्या वापरातल्या कांजींच्या यादीत २१३६ अक्षरं आहेत. हा आकडा भिंतीवर लावू नका. एन५ला साधारण १०० पुरतात, एन४ला ३००. रोज तीन नव्या, आठवड्यातून पाच दिवस, उरलेले दोन दिवस फक्त उजळणी. असं केलं तर सात आठवड्यांत पहिल्या शंभर होतात.

पहिल्या शंभरांत फारसं कुणी अडत नाही. त्यातल्या बऱ्याच चित्रासारख्या आहेत आणि पाटी कोरी असते. शंभरानंतर सारख्या दिसणाऱ्या यायला लागतात आणि आधीच्या पुसल्या जातात. मग माणूस शाळेतली सवय काढतो: एकेक अक्षर पन्नास वेळा लिहायचं. दहाव्या वेळेनंतर हात चालतो, डोकं झोपतं. जेएलपीटीत हाताने एकही कांजी लिहायची नसते, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. म्हणून रेघांचा क्रम पाळून चार-पाच वेळा लिहा, बस. उरलेला वेळ दोन गोष्टींवर घाला.

पहिली गोष्ट, कांजीचे भाग ओळखणं. डाव्या बाजूला तीन थेंब दिसले की पाण्याशी नातं आहे असं समजा: उमि समुद्र, इके तळं, ओयोगु पोहणं, आराउ धुणं. माणसाच्या शेजारी झाड काढलं की यासुमु, विसावा घेणं. जोड्या फसवतात तिथेही भागच वाचवतात. मात्सु (वाट पाहणं) आणि मोत्सु (हातात धरणं) यांचा उजवा अर्धा भाग एकच आहे, देवळाचा. मोत्सुच्या डावीकडे हात आहे, मात्सुच्या डावीकडे पावलं टाकण्याची खूण आहे. अशा जोड्या वेगवेगळ्या कार्डांवर ठेवल्या तर महिनोन्महिने चुकत राहतात. एकाच कार्डावर शेजारी लिहा आणि फरक मराठीत एका ओळीत मांडा.

दुसरी गोष्ट, उच्चार शब्दांतून शिकणं. एका कांजीचे दोन-तीन उच्चार असतात हे पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. पण मराठी वाचणाऱ्याला हा प्रकार नवा नाही. नुसतं म्हणताना आपण 'पाणी' म्हणतो आणि जोडशब्दात 'जल' येतं: जलतरण, जलवाहिनी. पाणीतरण म्हणत नाही. जपानीत पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', जोडीत आली की 'सुइ'. सुइएइ म्हणजे पोहणं, अक्षरशः जल आणि तरण. सुइदोओ म्हणजे नळाचं पाणी, जल आणि मार्ग. मिझु हा घरचा शब्द आणि सुइ हा चिनीतून आलेला, जसं पाणी घरचं आणि जल संस्कृतातून जसंच्या तसं घेतलेलं. म्हणून 'या कांजीचे उच्चार तीन' अशी यादी पाठ करू नका. प्रत्येक कांजीसोबत दोन शब्द घ्या, एक एकटा आणि एक जोडीतला. 'देन' म्हणजे वीज हे कळलं की देन्शा (वीज आणि गाडी: विजेवरची रेल्वे), देन्वा (वीज आणि बोलणं: फोन), देन्कि (वीज, दिवा) एका दमात येतात. एकातून दुसरा शब्द ओळखता आला की कांजींचं ओझं वाटेनासं होतं. उलट पुढची कांजी कधी येते याची वाट बघितली जाते.

तुंबलेली कार्डं

अँकीसारख्या उजळणीच्या अ‍ॅपवर रोज वीस नवी कार्डं येण्याची सोय आधीपासून लावलेली असते. पहिल्या आठवड्यात वीस सोपी वाटतात. पण प्रत्येक नवं कार्ड पुढे अनेकदा परत येतं, आणि ढोबळमानाने रोजच्या नव्या कार्डांच्या सात ते दहापट उजळणी रोज समोर उभी राहते. वीस नवी म्हणजे महिन्याभरात रोजची दीडशे-दोनशे. त्यात चार दिवसांच्या लग्नाला गावी गेलात की परतल्यावर सातशेचा आकडा वाट बघत असतो. अ‍ॅप उघडवत नाही, आणि अ‍ॅपबरोबर भाषाही सुटते.

नवी कार्डं आठावर आणा. मग उजळणी साठ-ऐंशीच्या घरात राहते. एका कार्डाला आठ सेकंद धरले तर दहा-अकरा मिनिटांत आटपते. एन५चे अंदाजे ८०० शब्द या वेगाने साडेतीन महिन्यांत होतात, म्हणजे उशीर काहीच नाही.

आधीच तुंबलं असेल तर सगळं पुसून नव्याने सुरू करू नका. नवी कार्डं शून्य करा. रोजच्या उजळणीला साठाची मर्यादा घाला. दोन-तीन आठवड्यांत ढीग उतरतो, कारण त्यातली बरीच कार्डं तुम्हाला अजून येत असतात. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर अँकी 'लीच' अशी खूण करतं. लीच म्हणजे जळू, आणि नाव अगदी योग्य आहे: अशी पंधरा-वीस कार्डं बाकीच्यांचा वेळ पिऊन टाकतात. ती काढून टाका, नाहीतर सुटा शब्द खोडून त्या जागी धड्यातलं अख्खं वाक्य घाला.

कानाला काही कळत नाही तेव्हा

पुस्तकातलं सगळं येतं आणि जपानी माणूस बोलायला लागला की काही उमगत नाही, हा अनुभव फार खचवणारा असतो. यात कानाचा दोष नसतो. बोलताना शब्द आखडतात आणि आखडलेली रूपं पुस्तकात उशिरा येतात. 'शिते इरु'चं 'शितेरु' होतं, जसं आपण 'करतो आहे'चं 'करतोय' करतो. 'ताबेते शिमात्ता'चं 'ताबेचात्ता' होतं. 'देवा'चं 'जा' होतं. 'देसु' आणि 'मासु' यांतला शेवटचा उ जवळजवळ ऐकूच येत नाही.

अर्धा तास मागे आवाज लावून ठेवण्यापेक्षा वीस सेकंदांचा तुकडा घ्या. संवाद लिहिलेला हाताशी हवा. न बघता तीनदा ऐका आणि कळलं ते मराठीत लिहा. मग मजकूर उघडा आणि न कळलेल्या जागी खूण करा. ती जागा आखडलेली होती, शब्द अनोळखी होता, की ओळखीचा शब्द वेगाने निसटला, तेही शेजारी लिहा. मग मजकुराकडे बघत पाचदा ऐका आणि शेवटी आवाजाच्या मागोमाग तुम्हीही बोला. रोज एक तुकडा. पंधरा दिवसांनी खुणा चाळल्या की त्याच त्या चार-पाच गोष्टी अडवत होत्या हे दिसतं.

बोलायला सुरुवात पहिल्या आठवड्यातच करा. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षा नाही, त्यामुळे एन३चं प्रमाणपत्र हातात असूनही फोनवर तोंड उघडत नाही अशी माणसं तयार होतात, आणि त्यांना मग स्वतःचीच लाज वाटते. तीन-चार जणांचा व्हॉट्सअ‍ॅप गट करा. रोज प्रत्येकाने वीस सेकंदांचा आवाजी निरोप टाकायचा: काल काय खाल्लं, आज कुठे गेलो. दुरुस्ती आठवड्यातून एकदाच, एकत्र करायची. दर वाक्याला चूक काढली तर निरोप येणंच बंद होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला एकाच विषयावर एक मिनिट बोला आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवा. तीन महिन्यांनी पहिलं आणि चौथं लागोपाठ ऐका. भाषेतली वाढ रोज दिसत नाही, ती अशी समोर ठेवावी लागते.

परीक्षा आणि तिच्यानंतरचं माळरान

जेएलपीटी १९८४पासून आहे आणि आजची एन५ ते एन१ ही रचना २०१०पासून. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते. अर्जांची मुदत काही महिने आधीच संपते, म्हणून तारीख वर्गातल्या फळ्यावर नाही तर स्वतःच्या कॅलेंडरमध्ये हवी. फॉर्म भरला आणि पैसे गेले की अभ्यासाला हाडं येतात.

गुणांची रचना नीट समजून घ्या. एन५ला १८०पैकी ८० गुण पुरेत, पण भाषाज्ञान आणि वाचन मिळून १२०पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६०पैकी किमान १९ मिळायलाच हवेत. लेखी भागात शंभराच्या पुढे गेलेला विद्यार्थी ऐकण्यात १८ वर अडकला की नापास. असा निकाल हातात पडल्यावर पुष्कळ जण भाषाच सोडतात, म्हणून वरचा वीस सेकंदांचा तुकडा रोज हवाच.

एन४ नंतरची पोकळी मात्र वेगळी आहे. पन्नास धडे संपतात, 'पुढचा धडा कुठला' हे सांगणारं कुणी उरत नाही. २०१०पूर्वीच्या जुन्या परीक्षेत तिसऱ्या पातळीला, म्हणजे आजच्या एन४ला, साधारण १५०० शब्द आणि ३०० कांजी लागत, तिच्या वरच्या दुसरीला ६००० शब्द आणि १००० कांजी. मधली दरी इतकी मोठी होती की २०१०मध्ये मध्ये एन३ची पायरी घालावी लागली. पायरी आली तरी चढ तेवढाच आहे. आधी महिन्यात प्रगती जाणवायची, आता तिमाही लागते.

इथे विषय निवडा. सगळी भाषा एकदम पुढे सरकवायचा प्रयत्न करू नका. स्वयंपाक, रेल्वे, वाहनांचे सुटे भाग, बेसबॉल, जे मुळात आवडतं ते. त्या एकाच विषयाचं तीन महिने वाचा आणि ऐका. एका विषयात तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे सहा आठवड्यांत त्या कोपऱ्यापुरतं तरी सरसर कळायला लागतं. पानातले दहाहून अधिक शब्द अडत असतील तर ते पान अजून तुमचं नाही, सोपं घ्या.

खंड पडल्यावर

गणपती, दिवाळी, मार्चअखेर, घरातलं आजारपण. महिना-दोन महिने खंड पडणारच, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते परतल्यावर पहिल्या धड्यापासून पुन्हा सुरू करणं. असं करणाऱ्यांचे पहिले दहा धडे पाच वेळा होतात आणि अकरावा कधीच होत नाही. आलेलं पुन्हा वाचताना कंटाळा येतो आणि तो कंटाळा भाषेच्या नावावर जमा होतो.

शेवटचा झालेला धडा उघडा आणि त्यातली दहा वाक्यं मराठीतून जपानीत तोंडी करा. आठ आली तर पुढच्या धड्याला लागा. नाही आली तर दोन धडे मागे जाऊन तेच करा, मग आणखी दोन. जिथे आठ येतील तिथून सुरुवात. बहुतेकांना चार-सहा धड्यांपलीकडे मागे जावं लागत नाही. पहिला आठवडा फक्त किमान दिवसाचा ठेवा, दहा कार्डं आणि एक वाक्य. नवी कार्डं शून्यावरच राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात पस्तीस मिनिटांवर या. रात्री उठताना पुस्तक मिटून कपाटात ठेवू नका. उद्याच्या पानावर उघडं ठेवून त्यावर पेन ठेवा.